एक्सबॉक्स ३६०चे तीन लाल दिवे आणि वॉरंटीबाहेरचं बिल

वॉरंटी संपल्यावर वस्तू बिघडली तर कंपनीने किती करायचं आणि गिऱ्हाइकाने किती सोसायचं ह्यावर आपल्याकडे भांडणं भरपूर होतात, पण सुरुवातीपासून शेवटपर्यंत सगळं उघड्यावर घडलेलं, आकड्यांसकट तपासता येईल असं प्रकरण शोधायला गेलं की मी तरी दर वेळी मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६०वरच (टीव्हीला जोडून गेम खेळायचं मशीन) येऊन थांबतो. गेमिंगशी देणंघेणं नसलं तरी वाचा, कारण ह्यात गेमचा भाग थोडा आणि सर्व्हिस सेंटरच्या काउंटरचा भाग जास्त आहे.

मशीन अमेरिकेत बाजारात आलं २२ नोव्हेंबर २००५ला. साधं मॉडेल २९९ डॉलर, हार्ड डिस्कवालं ३९९. घाई होती, कारण सोनीचं प्लेस्टेशन ३ यायला अजून वर्ष होतं आणि मायक्रोसॉफ्टला ते वर्ष मोकळं मैदान पाहिजे होतं. ते मिळालंही, प्लेस्टेशन ३ आणि निन्टेन्डोचं वी दोन्ही नोव्हेंबर २००६मध्ये आले. वॉरंटी मात्र अमेरिकेत फक्त ९० दिवसांची ठेवलेली. तीनशे-चारशे डॉलरच्या वस्तूवर तीन महिने! आपल्याकडे मिक्सरलासुद्धा ह्यापेक्षा जास्त मिळते.

मशीनच्या पुढच्या बाजूला पॉवर बटण, त्याच्याभोवती चार भागांचं एक गोल, सगळं ठीक असलं की हिरवं. काही बिनसलं की त्यातले तीन भाग लाल होऊन लुकलुकायला लागायचे आणि मशीन बंद. चारही लाल म्हणजे नुसती टीव्हीची केबल सैल, पण तीन लाल म्हणजे हार्डवेअर गेलं. लोकांनी ह्याला ‘रेड रिंग ऑफ डेथ’ असं नाव ठेवलं आणि ते इतकं पक्कं बसलं की कंपनीचं अधिकृत नाव आज कोणाला आठवत नाही.

बिघाड कशामुळे, तर ढोबळ कारण उष्णता. ग्राफिक्सची चिप भयंकर तापायची, तिच्यावरचा हीटसिंक (उष्णता शोषून बाहेर टाकणारा धातूचा ठोकळा) बुटका कारण वर डीव्हीडी ड्राइव्ह बसवलेला, त्यामुळे उंचीला जागाच नाही. मशीन चालू केलं की सगळं तापून फुगणार, बंद केलं की थंड होऊन आकसणार, हे शेकडो वेळा झालं की चिपचे बारीक जोड तडकायचे. त्यात युरोपच्या नियमांमुळे (जुलै २००६पासून लागू झाले) सगळी इंडस्ट्री शिसं नसलेल्या सोल्डरकडे (चिप बोर्डावर जोडणारा मिश्रधातू) वळत होती, आणि ते सोल्डर शिशाच्या सोल्डरपेक्षा कडक, त्याला हा ताण झेपत नाही असं रिपेअरवाले तेव्हापासून सांगत होते. मायक्रोसॉफ्टने स्वतःच्या तोंडाने, कॅमेऱ्यासमोर, चिपच्या आतले जोड तुटत होते हे सविस्तर सांगितलं ते डिसेंबर २०२१मध्ये, आपल्याच इतिहासावर काढलेल्या डॉक्युमेंटरीत. आणि त्याच सुमारास त्यांनी ‘रेड रिंग ऑफ डेथ’चं पोस्टर विकायला काढलं, २४.९९ डॉलरला. (मी गंमत करत नाहीये.)

आता मुद्द्याचं. वॉरंटीच्या बाहेर मशीन गेलं तर दुरुस्तीचा खर्च साधारण १४० डॉलर. तेव्हाच्या भावाने सहा हजार रुपयांच्या वर. २९९चं मशीन, १४०ची दुरुस्ती, आणि दुरुस्त होऊन येणार म्हणजे बरेचदा तुमचंच मशीन येणार नाही, दुसऱ्या कोणाचं तरी दुरुस्त केलेलं येणार, ज्यात तीच चिप आणि तोच बुटका हीटसिंक. म्हणजे तुम्ही १४० डॉलर देऊन पुन्हा तोच जुगार खेळणार. गिऱ्हाइकं हे गणित पहिल्या फोनकॉलमध्येच करत होती, आणि फोनवरचा माणूस मात्र त्यांना सांगत होता की सर तुमची वॉरंटी अमुक तारखेला संपली आहे.

मला ह्या प्रकरणात सगळ्यात जास्त रस ह्या टप्प्यात आहे, कारण इथे लोक नेमके कशावर चिडले ते दिसतं. वस्तू बिघडली ह्यावर लोक चिडतात, पण थोडेच दिवस. नवीन मशीन आहे, पहिल्या लॉटमध्ये कटकटी असतात, हे गेम खेळणाऱ्या पोराटोरांनाही माहीत असतं. चीड वाढली ती ‘हे फारसं कोणाला होत नाही’ ह्या उत्तराने. कंपनीचं म्हणणं असं की बिघाडाचं प्रमाण इलेक्ट्रॉनिक्सच्या नेहमीच्या मर्यादेत आहे, म्हणजे शंभरात तीन ते पाच, आणि बहुतेक ग्राहक खूश आहेत. आणि इकडे ज्याचं मशीन गेलं त्याच्या मित्राचं गेलेलं, त्याच्या चुलतभावाचं गेलेलं, हॉस्टेलच्या एकाच मजल्यावर तिघांचं गेलेलं. शंभरात तीन असतील तर सगळे माझ्याच ओळखीचे कसे, हा साधा प्रश्न होता आणि त्याला उत्तर नव्हतं. मग लोकांनी स्वतःच मोजायला सुरुवात केली, मशीनच्या मागच्या स्टिकरवरची उत्पादनाची तारीख एकमेकांना विचारायची, कुठल्या लॉटची जास्त जातात ह्याचे अंदाज बांधायचे. कंपनी आकडा देत नाही म्हटल्यावर गिऱ्हाईक आपला आकडा तयार करतं आणि तो नेहमीच खऱ्यापेक्षा थोडा मोठा निघतो, ह्यात दोष गिऱ्हाइकाचा नाही.

आणि मग आल्या तारखा. सप्टेंबर २००६मध्ये कंपनीने जाहीर केलं की १ जानेवारी २००६च्या आधी तयार झालेली मशीन फुकट दुरुस्त करू, ज्यांनी पैसे भरलेत त्यांना परत देऊ. चांगलंच झालं की, पण ज्याचं मशीन फेब्रुवारीत बनलंय त्याचं काय? त्याची चिप वेगळी आहे का? नाही. त्याचे तीन दिवे वेगळे आहेत का? नाही. मुंबईच्या वाचकाला हे वेगळं समजवायला नको, झोपड्यांची कट-ऑफ डेट १९९५वरून २००० झाली तेव्हा दर खेपेला रेषेच्या पलीकडे राहिलेल्यांचा एक नवीन गट तयार झाला तसंच हे. आधी सगळे एकत्र ओरडत होते, आता रेषेच्या अलीकडचे गप्प आणि पलीकडचे दुप्पट आवाजात.

डिसेंबर २००६मध्ये पुढची पायरी, अमेरिकेतली वॉरंटी ९० दिवसांवरून एक वर्ष, आणि तीही मागच्या तारखेपासून, म्हणजे मधल्या काळात दुरुस्तीचे पैसे भरलेत तर परत. पण नोव्हेंबर २००५मध्ये पहाटे रांगेत उभं राहून ज्यांनी पहिल्या दिवशी मशीन घेतलं त्यांचं वर्ष ह्या घोषणेच्या महिनाभर आधीच संपलेलं होतं! कंपनीवर सगळ्यात जास्त जीव असलेला माणूस, पहिल्या दिवसाचा गिऱ्हाईक, त्याच्याच हातात १४० डॉलरचं बिल. पॉलिसी लिहिणाऱ्याने हा विचार केला नसेल असं मला वाटत नाही, केला असेल आणि ‘किती जण असतील असे’ म्हणून सोडून दिला असेल.

ब्रिटनमध्ये २००७च्या सुरुवातीला बीबीसीच्या ‘वॉचडॉग’ ह्या ग्राहकांच्या तक्रारींच्या कार्यक्रमाने हे उचललं. तिथला वाद जरा वेगळा, कारण युरोपात कंपनीची वॉरंटी किती का असेना, माल सदोष निघाला तर दुकानदारावर कायद्याने दोन वर्षं जबाबदारी असते, ब्रिटनच्या जुन्या माल-विक्री कायद्यात तर त्याहून जास्त काळ दावा करता यायचा. म्हणजे ‘वॉरंटी संपली’ हे वाक्य तिथे अर्धंच खरं होतं. हे बहुतेक गिऱ्हाइकांना माहीत नसतं आणि काउंटरवरचा माणूस आपणहून सांगत नाही, ही गोष्ट लंडनला आणि लातूरला सारखीच.

दरम्यान ज्यांना १४० डॉलर द्यायचे नव्हते त्यांनी काय केलं ते मजेशीर पण आहे आणि थोडं भीतीदायकपण. टॉवेलची ट्रिक! मशीन दोन-तीन टॉवेलांत गच्च गुंडाळायचं, हवा जायची सगळी भोकं बंद, आणि वीसेक मिनिटं चालू ठेवायचं. आतलं तापमान इतकं चढायचं की काही मशीन त्यानंतर थंड करून चालू केली की खरंच चालायची. लोक म्हणायचे सोल्डर वितळून जोड पुन्हा बसतो. एवढ्या तापमानाला सोल्डर वितळत नाही, फार तर तडकलेला जोड फुगून पुन्हा टेकतो, म्हणून चार दिवसांनी पुन्हा लाल. शिवाय कापडात गुंडाळलेलं विजेचं यंत्र मुद्दाम तापवायचं म्हणजे आग लागायची सोय. जरा हुशार लोक मशीन उघडून आतल्या एक्स आकाराच्या क्लॅम्प काढायचे (हीटसिंक बोर्डावर दाबून धरणाऱ्या पट्ट्या, त्यांच्या दाबाने बोर्ड वाकतो असा सिद्धांत), त्या जागी नट-बोल्ट-वॉशर लावायचे. काही डॉलरचं सामान. ह्याचे किट विकायला लागले, शेजारीपाजारी पैसे घेऊन हे करून देणारी पोरं तयार झाली. पण उघडलं की सील तुटलं, आणि सील तुटलं की कंपनीचा दरवाजा कायमचा बंद, त्यामुळे पुढे जेव्हा फुकट दुरुस्ती आली तेव्हा हेच मेहनती लोक बाहेर राहिले. हा विचित्र न्याय आहे, नाही का? ज्याने काहीच केलं नाही, मशीन माळ्यावर टाकून ठेवलं, त्याला मिळालं.

कंपनीकडून मशीन पाठवायला रिकामं खोकं यायचं, त्याला लोक ‘कॉफिन’, म्हणजे शवपेटी म्हणायचे. खोक्यावर चित्रं काढून, निरोप लिहून पाठवायचे. राग विनोदात उतरला की कंपन्यांना वाटतं लोक निवळले, मला उलट वाटतं, विनोद पसरतो आणि राग तसा पसरत नाही, ज्यांनी आयुष्यात एक्सबॉक्स पाहिला नव्हता त्यांनाही तीन लाल दिवे माहीत झाले ते ह्याच विनोदांमुळे.

५ जुलै २००७ला कंपनीने शेवटी मान्य केलं. दुरुस्त्यांचं प्रमाण खपवून घेण्यासारखं नाही, तीन लाल दिव्यांच्या बिघाडासाठी वॉरंटी खरेदीच्या तारखेपासून तीन वर्षं, जगभर, आणि ज्यांनी ह्याच बिघाडासाठी आधी पैसे भरले त्या सगळ्यांना परतफेड. त्यासाठी हिशोबात १०५ ते ११५ कोटी डॉलर बाजूला काढले. तेव्हाच्या भावाने साडेचार हजार कोटी रुपयांच्या घरात. तोवर दुकानांकडे गेलेली मशीन होती १ कोटी १६ लाख. म्हणजे भागाकार केला तर पाठवलेल्या प्रत्येक मशीनमागे नव्वद ते शंभर डॉलर. आता सांगा, शंभरातली तीन ते पाचच मशीन बिघडत असतील तर कोणती कंपनी प्रत्येक मशीनमागे नव्वद डॉलर काढून ठेवेल? आकडा दिला नाही तो नाहीच दिला, पण ताळेबंदाने सांगून टाकलं.

तेव्हा एक्सबॉक्सची धुरा पीटर मूर ह्यांच्याकडे होती. त्यांनी २०१५मध्ये एका मुलाखतीत सांगितलेली गोष्ट अशी की ते मुख्याधिकारी स्टीव्ह बाल्मर ह्यांच्यासमोर बसले, खर्च किती विचारल्यावर ११५ कोटी डॉलर सांगितला, आणि बाल्मर म्हणाले करून टाका. त्यातले २४ कोटी डॉलर नुसते फेडएक्सचे! कारण पद्धत अशी ठरवली की गिऱ्हाइकाकडे रिकामं खोकं कुरियरने जाणार, भरलेलं कुरियरने येणार, दुरुस्त झालेलं पुन्हा कुरियरने जाणार, आणि सगळं एक्सप्रेस. मूर ह्यांचं म्हणणं की हे केलं नसतं तर एक्सबॉक्स हे नावच संपलं असतं. (घोषणेनंतर दोन आठवड्यांच्या आत ते कंपनी सोडून इलेक्ट्रॉनिक आर्ट्स ह्या गेम बनवणाऱ्या कंपनीत जात असल्याचं जाहीर झालं, दोन्हींचा संबंध नाही असं सांगण्यात आलं.)

ही बाल्मर-मूरची गोष्ट मॅनेजमेंटवाल्यांना फार आवडते, धाडसी निर्णय वगैरे. मला त्यात एक अडचण वाटते. मशीन विकायला लागल्यापासून ह्या निर्णयापर्यंत जवळजवळ वीस महिने गेले. त्या वीस महिन्यांत आधी ‘तसं काही नाही’, मग एक तारीख, मग दुसरी तारीख, आणि शेवटी सगळं. जे शेवटी द्यायचंच होतं ते दोनदा तुकड्यांनी देऊन बघितलं. धाडस असेलही, पण ते तिसऱ्या प्रयत्नाचं धाडस आहे. शिवाय २००८मध्ये आलेल्या एका शोधवृत्तात असंही आलं की मशीन बाजारात यायच्या आधी, ऑगस्ट २००५मध्येच कारखान्यातून निघणाऱ्या मालाबद्दल आतून धोक्याचे इशारे दिले गेले होते.

पण पॉलिसी म्हणून ती जुलैची घोषणा चांगली लिहिलेली होती हे मान्यच करायला पाहिजे. एक तर तिने बिघाडाचं नाव घेतलं, नुसतं ‘काही ग्राहकांना’ असं मोघम नाही, तर तीन लाल दिवे, म्हणजे घरी बसलेल्या माणसाला आपलं मशीन ह्यात बसतं की नाही ते सर्व्हिस सेंटरला न विचारता कळत होतं. आपल्याकडे निम्मी भांडणं ह्याच्यावरच होतात, तुमचा प्रॉब्लेम स्कीममध्ये बसतो की नाही ते इंजिनिअर बघून सांगेल, आणि इंजिनिअर बघायचे तीनशे रुपये आधी भरा. दुसरं म्हणजे पैसे परत, झालेल्या चुकीची न मागता भरपाई, ह्याने जुनी सगळी तारखांची भांडणं एका फटक्यात मिटली, पलीकडे कोणी उरलंच नाही (ते सील तोडलेले सोडून).

त्यानंतर सगळं गोड झालं का, तर नाही. दुरुस्त होऊन आलेली मशीन पुन्हा जायची. चार-चार, पाच-पाच वेळा खोकं भरून पाठवलेले लोक होते, फुकट असलं तरी दर वेळी काही आठवडे मशीन नाही. आणि एक नवीनच भानगड निघाली जी पॉलिसी लिहिणाऱ्यांच्या डोक्यात नव्हती. विकत घेऊन डाउनलोड केलेले गेम मशीनच्या ओळखक्रमांकाला बांधलेले असायचे. मशीन बदलून आलं की क्रमांक वेगळा, मग ते गेम तुम्ही नेटवर लॉगिन असाल तरच चालणार, घरातल्या दुसऱ्या कोणाला किंवा नेट नसताना नाही. म्हणजे हार्डवेअर फुकट दुरुस्त, पण स्वतःच्या पैशाने घेतलेले गेम अर्धे गेले. ह्याची परवाने हलवायची सोय जून २००८ला आली, घोषणेनंतर जवळपास वर्षाने. आणि त्या वर्षाच्या सुरुवातीलाच तो किस्सा झाला, एका चाहत्याने आपल्या मशीनवर हेलो गेम बनवणाऱ्यांच्या सह्या-चित्रं घेतलेली, दुरुस्तीला देताना मुद्दाम चिठ्ठी घातली की हे मशीन बदलू नका, आणि मशीन परत आलं ते स्वच्छ घासूनपुसून. तेच मशीन परत दिलं होतं हो, फक्त धुऊन. लाखांनी खोकी हाताळणाऱ्या ठिकाणी चिठ्ठी कोण वाचतंय.

एप्रिल २००९मध्ये ‘ई ७४’ नावाचा दुसरा एक एरर, ज्याचं मूळही बहुतेक तेच, तोही तीन वर्षांत घेतला, आणि आधी त्यासाठी पैसे भरलेल्यांना परतफेड. म्हणजे रेषा पुन्हा एकदा सरकली. ह्या वेळी मात्र फार आरडाओरडा झाला नाही, कारण ती आपोआप सरकेल असा भरवसा आता लोकांना होता.

आता आकडे, दोन्ही जरा जपून वाचा. ऑगस्ट २००९मध्ये स्क्वेअरट्रेड ह्या वाढीव वॉरंटी विकणाऱ्या कंपनीने आपल्याकडच्या दाव्यांवरून काढलं की दोन वर्षांत एक्सबॉक्स ३६० बिघडण्याचं प्रमाण २३.७ टक्के, प्लेस्टेशन ३चं १० आणि वीचं २.७. ही कंपनी वॉरंटी विकते, तिला घाबरवण्यात फायदा आहे, हे ध्यानात ठेवा. त्याच सुमारास गेम इन्फॉर्मर मासिकाने जवळपास पाच हजार वाचकांना विचारलं तर ३६०वाल्यांमध्ये मशीन बिघडल्याचं सांगणारे ५४.२ टक्के निघाले. वाचक स्वतःहून उत्तर देतात, त्यात ज्याचं बिघडलं तो आधी हात वर करतो, त्यामुळे हा आकडा फुगलेला असणार. पण त्याच पाहणीतला दुसरा आकडा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. बिघाडामुळे पुन्हा कधी ३६० घेणार नाही असं म्हणणारे फक्त ३.८ टक्के.

अर्ध्यांहून जास्त लोकांची वस्तू बिघडलेली आणि तरी सोडून जाणारे शंभरात चारसुद्धा नाहीत! हे श्रेय जुलैच्या पॉलिसीचं म्हणून सांगतात. थोडं आहे, सगळं नाही. घोषणेनंतर तीन महिन्यांच्या आत, २५ सप्टेंबर २००७ला हेलो ३ आला आणि अमेरिकेत पहिल्या चोवीस तासांत १७ कोटी डॉलरचा विकला गेला, आणि तो फक्त एक्सबॉक्सवर चालायचा. मित्र सगळे त्याच नेटवर्कवर. तुमचे गेम, तुमचे मित्र, तुमचे पॉइंट सगळे तिकडे अडकलेले असले की तीन दिवे लागले तरी माणूस शिव्या देत खोकं भरतो, प्लेस्टेशन आणायला जात नाही. फुकट दुरुस्तीने एवढंच केलं की शिव्या देत का होईना थांबायला कारण दिलं. १४० डॉलरचं बिल तसंच राहिलं असतं तर? तो पैसा प्लेस्टेशनच्या खात्यात पहिला हप्ता म्हणून धरणारे बरेच निघाले असते. एकूण ३६० पुढे ८ कोटी ४० लाखांच्या घरात विकली गेली.

भारतात हे मशीन सप्टेंबर २००६मध्ये आलं, जाहिरातीला अक्षय कुमार आणि युवराज सिंग. इथली गोष्ट वेगळ्या वळणाने गेली, कारण इथे मोठा गट चिप किंवा ड्राइव्ह ‘मॉड’ करून (कॉपी केलेले गेम चालावेत म्हणून आत बदल करून) घेतलेल्यांचा. ओरिजिनल गेम महाग, कॉपी डीव्हीडी शंभर-दोनशेत, मग मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, लॅमिंग्टन रोडवर, मशीन घेतानाच ड्राइव्ह फ्लॅश करून घ्यायची. अशा मशीनला तीन वर्षांची वॉरंटी लागू होईल ह्या भ्रमात कोणीच नव्हतं. त्यांच्यासाठी कंपनीची पॉलिसी म्हणजे सातासमुद्रापलीकडची बातमी, त्यांचा आधार तोच लॅमिंग्टन रोडवरचा हीट गन आणि फ्लक्सची डबी घेऊन बसलेला माणूस, जो चिप तापवून बसवायचा, जास्त पैसे दिले तर काढून रिबॉलिंग करायचा (खालचे सोल्डरचे ठिपके नव्याने लावायचा), आणि गॅरंटी विचारली की म्हणायचा टेस्टिंगची, दुकानाच्या दारापर्यंत. गंमत म्हणजे त्याच्यावर कोणी तितकं चिडलेलं नसायचं. त्याने खोटं सांगितलेलं नव्हतं ना.

अलीकडचं आपल्याकडचं जवळचं उदाहरण म्हणजे वनप्लसच्या स्क्रीनवर येणारी हिरवी रेघ. बरेचदा सॉफ्टवेअर अपडेटनंतर रेघ आली, फोनची वॉरंटी कधीच संपलेली, आणि स्क्रीनचं एस्टिमेट ऐकून घेरी यायची. २०२३मध्ये कंपनीने भारतात ८ आणि ९ सिरीजच्या काही मॉडेलना स्क्रीनची आजीवन वॉरंटी दिली. ‘काही मॉडेलना’. लगेच बाकीच्या मॉडेलवाल्यांचा आवाज सुरू, आमची रेघ काय वेगळ्या रंगाची आहे का. वाद पुढेही चालू राहिला आणि कंपनीला ती सोय नंतर वाढवावी लागली. पायऱ्या अगदी त्याच, पंधरा वर्षांनी.

परत ३६०कडे, कारण एक शेपूट राहिलंय. २०१०मध्ये नवीन बारीक मॉडेल आलं, वॉरंटी पुन्हा एक वर्ष, आणि पॉवर बटणाभोवतीच्या गोलातून लाल रंगच काढून टाकला. पण ३६०चीच दुसरी एक तक्रार होती जिचं कौतुक कोणी करत नाही, कारण तिथे करण्यासारखं काही नाही. मशीन चालू असताना जरा हललं की आत फिरणारी डिस्क घासून तिच्यावर गोल ओरखडा उठायचा, साठ डॉलरचा गेम बाद. कंपनीचं म्हणणं चालू मशीन हलवणं हा वापरणाऱ्याचा दोष, ड्राइव्हवर तसा इशाराही छापलेला, आणि अशी तक्रार करणारे ०.४ टक्केच. स्वतःच्या काही गेमच्या डिस्क वीस डॉलर घेऊन बदलून द्यायचे, बाकी तुमचं तुम्ही बघा. तक्रारदार म्हणत होते साध्या हादऱ्यानेही होतं, म्हणजे ड्राइव्हच्या डिझाइनमध्येच खोट आहे. तीच कंपनी, तेच खोकं, पण इथे दिवा लागत नाही, मशीन बंद पडत नाही, फक्त डिस्क जाते, त्यामुळे तीन वर्षं नाहीत, परतफेड नाही, मोफत कुरियर तर नाहीच.

ते लोक कोर्टात गेले. २०११मध्ये दाखल झालेला दावा सगळ्या ग्राहकांच्या वतीने चालवायचा की नाही ह्याच मुद्द्यावर अडकून वर वर जात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात पोचला आणि १२ जून २०१७ला निकाल मायक्रोसॉफ्टच्या बाजूने लागला, तोही डिस्क कोणामुळे घासली ह्यावर नाही, तर अशा पद्धतीने अपील करताच येत नाही एवढ्यावर. एक्सबॉक्स ३६० बनवणं कंपनीने त्याच्या वर्षभर आधी, एप्रिल २०१६मध्येच बंद केलं होतं.